पाटीच्या खालच्या ओळी

डोळ्यांत पडदा आला तशी आल्सीद लावेर्द्यूरची जंगलातली सापळे लावायची वाट पुतण्याकडे गेली. जन्मभर बर्फ तुडवत फरसाठी बीव्हर या नदीतल्या जनावरांमागे हिंडलेला माणूस खुर्चीत बसला, की घर त्याला खायला उठतं. म्हणून बायको, फिलोमेन, त्याला रोज दुपारी नदीकाठी फिरवून आणायची.

त्याच उन्हाळ्यात सरकारी माणसांनी धक्क्याजवळच्या दगडावर पितळी पाटी ठोकली.

"वाच ना गं, काय लिहिलंय?" आल्सीदने विचारलं. इंग्रजी अक्षरांशी त्याची कधी गाठच पडली नव्हती.

फिलोमेनने वाचलं, "'धाडसी मॅग्नस फ्लेट यांनी या निर्मनुष्य किनाऱ्यावर फरच्या व्यापाराची पहिली वखार उघडली.'"

"निर्मनुष्य?" आल्सीद खो-खो हसला. "मग बीव्हर काय आपणहून कातडं काढून द्यायला आले होते त्याला?"

हसला खरा, पण रात्री मूस हरणाच्या रश्शाला त्याने तोंड लावलं नाही.

"आपली माणसं आधीपासून इथे होती, हे कुणाला कळायचंसुद्धा नाही, म्हातारे."

फिलोमेनच्या काळजात चर्र झालं. थंडीने गोठून काळी पडलेली पायाची बोटं डॉक्टरने कापली, तेव्हा 'आता मोजे जास्त टिकतील' म्हणणारा हा माणूस!

दुसऱ्या दिवशी पाटी वाचून झाली तरी ती थांबली नाही. त्याच सुरात पुढे म्हणाली, "'याच किनाऱ्यावर आल्सीद लावेर्द्यूर राहतो. पिल्लांच्या दिवसांत त्याने एकही सापळा लावला नाही.'" आजवर ती फक्त पाद्रीबाबांशी खोटं बोलली होती, तेही उपासाबद्दल.

आल्सीदने मान कलती केली. "हे काल नव्हतं."

"काल डोळ्यांवर ऊन होतं. खालचं राहिलं."

"हं," एवढंच तो म्हणाला.

मग रोज एक नवी ओळ निघू लागली. नदीला पूर आला असताना अडलेल्या बाईला त्याने होडीतून दवाखान्यात पोचवलं होतं, ती. शेजारचं घर तापाने आडवं झालं, तेव्हा त्यांच्या दारावर मांस टांगून तो गुपचूप निघून आला होता, ती. हे आपल्याला ठाऊक आहे, असं फिलोमेनने त्याला कधी कळू दिलं नव्हतं. तो टोपी हातात धरून ऐकायचा.

एके दिवशी त्याने हात पुढे केला. थंडगार पितळेवरून बोट वरून खाली नेलं. कड आली. खाली नुसता दगड.

"संपली की गं पाटी."

"बारीक अक्षरं आहेत," ती पुटपुटली.

"असतील, असतील." त्याच्या मिशा हलल्या. "मग त्यात हेही असेल बघ. त्याची बायको फिलोमेन कातडी ताणून ताणून वाळवायची, हात सोलवटायचे, पण कधी कुरकुरली नाही."

"कुरकुरले नाही कशी! रोज कुरकुरायचे."

"बरं, मग तसं लिहिलंय. मीच वाचायला चुकलो."

फिलोमेनने डोळे पुसले आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला.

नदी गोठेपर्यंत दोघं रोज तिथे जात राहिली. आता वाचायचं आल्सीदने आणि ऐकायचं फिलोमेनने.