अण्णांच्या पुरवणीतली एक ओळ

“ताई, ही ओळ तेवढी बदला,” म्हणत बापूरावांनी प्रूफ माझ्या टेबलावर आपटलं.

बापूराव म्हणजे माजी आमदार अण्णांचे पीए. प्रूफ म्हणजे छपाईआधी तपासायचं पान. आमच्या बीडच्या दैनिकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पुरवणी निघते. जाहिराती कार्यकर्ते देतात, जीवनपरिचय उपसंपादक म्हणून मी लिहायचे. अण्णांचा मी मन लावून लिहिला होता. पंचायत समितीपासून सुरुवात, दोनदा आमदारकीला पडले, तिसऱ्यांदा आले. चिकाटीचं कौतुक होतंच.

नडलेली ओळ अशी: ‘शिरूर कासारजवळ ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह कौसल्याबाईंनी स्वतःच्या गोठ्यात सुरू केलं. अण्णांनी त्याला मान्यता मिळवून दिली.’

“अण्णांनी काढलं, असं लिवा. बोर्डावर त्यांचंच नाव हाय.”

“बोर्ड मागून लागला. आईबाप तोडीला गेले की मी त्याच गोठ्यात राहायचे. बाई स्वतः भाकरी थापून घालायच्या.”

“म्हातारी कवाच गेली. आता कोन इचारनार हाय?”

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या बाईचं काम ढापायला निघाले होते, तेही माझ्या हातून! मी प्रूफवर सही केली नाही. सहीशिवाय पान मशीनवर जात नसे.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. तेच संपादकही होते.

“तुमी कावून हट्ट करायलाव? एका ओळीपायी नोकरी घालवता का?”

“गेली तर जाऊ द्या. माझ्या सहीनं हे छापलं जाणार न्हाई.”

आवाज चढला होता. त्यांनी शेवटी स्वतःच सही केली. पुरवणी निघाली, वसतिगृह अण्णांचं झालं आणि मी छोट्या जाहिरातींच्या टेबलावर गेले. शिक्षाच होती ती.

महिन्याभरात कौसल्याबाईंचा स्मृतिदिन आला. मी काउंटरवर रीतसर पैसे भरले आणि जाहिरात दिली: ‘वसतिगृहाच्या संस्थापक कै. कौसल्याबाई यांना अभिवादन. त्यांच्या गोठ्यात शिकलेली मुलं.’

सकाळी मालक कडाडले, “हे कुनी छापलं?”

मी पावती पुढं केली. तेवढ्यात फोन वाजला. त्याच गोठ्यात वाढलेला माजलगावचा एक शिक्षक विचारत होता, पुढच्या वर्षी खाली माझं नाव घालाल का?

बातमी अडवता येते, पैसे भरलेली जाहिरात कुणी अडवत नाही. आता मी निवृत्त आहे. जाहिरात दर वर्षी येते, आणि खाली नावं इतकी असतात की चौकट मोठी घ्यावी लागते.