सुखदेव आणि बसची पायरी

संध्याकाळी घरी येऊन चपला काढेपर्यंत दोन-तीन किस्से साठलेले असतात. थकवाही साठतो, पण तो ऐकायला कोणी बसत नाही. म्हणून किस्सेच सांगतो.

साकोलीत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या मुलामुलींसाठी एक छोटी कार्यशाळा आहे. तिथे सकाळचा व्यायाम मी घेतो. सुखदेव त्यातला तिशीचा, अंगाने चांगला भारी. तलावावर मासे धरणारं घर. त्याची आई पार्बताबाई त्याला रोज एसटीने आणतात. बसच्या दारात मागून ढकलून चढवतात. आता त्यांचे गुडघे गेलेत. "औंदा ढकलतो, गुरुजी," त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "पुढच्या साली नाही जमलं तं हा घरीच बसन."

म्हणजे मला शिकवायची होती फक्त एक पायरी.

*

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "हात वर." एकही हात हलला नाही. ओसरीत बसलेल्या आया मात्र धावत आल्या आणि आपापल्या लेकरांचे हात उचलून उभ्या राहिल्या. तास संपला तेव्हा लेकरं गार आणि आया घामाघूम!

मी पार्बताबाईंना बसायला सांगितलं, तर म्हणाल्या, "त्याचा व्यायाम मीच करून टाकतो ना, गुरुजी. त्याले कायले तरास?"

*

वाकायला कोणी तयार नव्हतं. मी वाकून वाकून दमलो. शेवटी त्यांच्यातलीच वंदना पुढे आली. तिच्या घरी धानाची शेती. तिने पदर खोचला आणि चिखलात धानाचा रोवणा लावावा तशी वाकून एकेक पाऊल मागे सरकू लागली. तिच्या शेजारी सगळे रांगेत वाकले. सुखदेवसुद्धा. मी हरखून बघत राहिलो. रांग मागे सरकत सरकत भिंतीला टेकली.

"बांध लागला," वंदना म्हणाली, आणि सगळ्यांना घेऊन पाणी प्यायला गेली.

तेव्हापासून आमचा व्यायाम भिंतीपर्यंतच असतो.

*

मग ठरवलं, सुखदेवला स्टँडपासून कार्यशाळेपर्यंत चालवायचं. पण साकोलीत माणुसकी फार. ओळखीचा जो कोणी मोटारसायकलवाला दिसे, तो थांबे. "काहून चालवता बिचाऱ्याले?" मला असं दटावून सुखदेवला मागे बसवून नेई.

आठवडाभरात माझंच वजन उतरलं.

*

कार्यशाळेच्या अंगणात विटांची पायरी बांधली, बाजूला कठडा लावला. सुखदेव तिच्याकडे बघेना. त्याचं म्हणणं, बस कुठे आहे? मग पायरीपलीकडे खुर्च्या मांडल्या, वंदनाच्या हातात घंटी दिली. सुखदेव कठडा धरून एका दमात चढला आणि खुर्चीवर बसला. मी टाळ्या वाजवल्या.

पण आता उतरेना. गाव आल्याशिवाय कसा उतरणार? मी पुढच्या खुर्चीवर बसून स्टिअरिंग फिरवू लागलो. जेवणाची वेळ टळली तरी गाव येईना.

असं रोज चाललं. इथे चढायचा. स्टँडवर मात्र माय ढकलायचीच. मी कितीदा सांगितलं, नका लावू हात. "हात आपोआप जातेत, गुरुजी," त्या म्हणायच्या.

*

परवा मी दोघांना सोडायला स्टँडवर गेलो. बस लागली. पार्बताबाईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, दोन्ही हात पुढे केले. तोवर सुखदेव दांडी धरून वर गेलेला. सुखदेव वर आला म्हणजे माय मागे आलीच, हे कंडक्टरला वर्षानुवर्षं ठाऊक. त्याने घंटी मारली. बस निघाली.

पार्बताबाई रस्त्यावर तशाच उभ्या, हात पुढे.

कंडक्टर रोजच्या ओळखीचा, मी घाईघाईने त्याला फोन लावला. तो म्हणाला, "खिडकीपाशी बसून आहे, गुरुजी. फाट्यावर त्याच्या काकाजवळ उतरवतो. तिकीट मागितलं तं म्हणते, माय मांगून येऊन राहिली."

मी ते पार्बताबाईंना सांगितलं. त्यांनी हात खाली केले, पिशवी उचलली आणि स्टँडच्या बाकावर जाऊन बसल्या.

"मी येतो म्हणा त्याले," त्या म्हणाल्या. "चाय पिऊन येतो."