डाव्या बटणावरची टेप

समाधान लोमटेची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि त्यांच्याकडं कुणी बघितलं की त्याला नकोसं होई. चाकणच्या एका प्रेसशॉपात चौदा वर्षं पत्रा कापणारा माणूस! नवी पोरं कौतुकानं म्हणत, "भावा, नशीब काढलंस." समाधान हात खिशात घालायचा.

मूळचा हा परांड्याकडचा. आयटीआय करून आला आणि मोशीत शालनबाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिला. शालनबाई गावातल्या जुन्या. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा रस्त्याकडेच्या गाळ्यात त्यांच्या सुनेनं, सायलीनं, खेळण्यांचं दुकान टाकलं. पुढं लाकडी गाड्या, भोवरे, कापडी हत्ती. मागच्या खोलीत भिंतीभर चित्रं. चित्रं बघायला आपणहून कुणी फिरकेना. म्हणून सायली महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पोरं जमवून त्यांच्या हातून काहीतरी करून घेई. पोरांमागं आईबाप येत आणि ताटकळत उभे राहिले, की नाइलाजानं भिंतीकडं बघत.

या खेपेला तिनं कुदळवाडीच्या भंगारातून हातानं ओढायचं छोटं प्रेस आणलं. दांडा ओढला की साचा खाली येणार आणि पातळ पत्र्यातून चिमणी कापून निघणार.

"समाधान, खाली ये रं! तुज्या कामाचं हाय," शालनबाई जिन्याखालून ओरडल्या.

"मावशी, मला नाही जमायचं."

"चवदा वरीस तितं काय कांदं निवडत व्हतास व्हय?"

"बारकी लेकरं येतेत की तिथं."

"मग? चिमन्या कापाया काय म्हातारी मानसं बोलवू? गुमान ये."

घरमालकिणीला नाही म्हणणारा भाडेकरू मोशीत अजून जन्माला यायचा होता. समाधान खाली आला, पण प्रेसपासून चार हात लांबच उभा राहिला.

त्याला कारण होतं. कंपनीतल्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली, तरच प्रेस पडतं. म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण त्यानं काम रेंगाळतं, नग कमी निघतात, आणि शेखर सुपरवायझर दर तासाला कानाशी येऊन नाकातून म्हणतो, "लोमटे, आकडा बोला, आकडा. कारणं घरी ठेवून यायची." मग ज्याला त्याला ती युक्ती सुचते. डाव्या बटणावर काळी टेप ताणून चिकटवायची. ते कायमचं दाबलेलं राहतं, आणि एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो.

दीड वर्षापूर्वी शिफ्ट सुटताना बसचा हॉर्न वाजला, समाधान पळाला, आणि टेप तशीच राहिली. पुढच्या शिफ्टला त्या जागेवर रोहिदास बसला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर त्याला धड काही आठवेना. दुसऱ्या दिवशी बटणावरची टेप कुणीतरी काढून टाकली होती आणि कंपनीच्या अपघाताच्या कागदावर लिहिलं होतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. रोहिदासनं सही केली. आता तो कंपनीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. समाधाननं ही गोष्ट आजवर बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

आठवडाभर ड्युटीवरून आल्यावर तो त्या छोट्या प्रेसशी झटत होता. डाव्या बाजूला त्यानं एक स्प्रिंगची खिट्टी बसवली. ती डाव्या हातानं ओढून धरली, तरच उजव्या हातातला दांडा खाली यायचा.

रविवारी दुकान गच्च भरलं. "एकेक जण! हात इथं, दुसरा इथं!" समाधानचा आवाज चिरकत होता. दर चिमणीला त्याचा श्वास अडकायचा आणि चिमणी पडली की सुटायचा. अकरा चिमण्या झाल्या. बाराव्या नंबरला एक दहा वर्षांची पोरगी पुढं झाली आणि तिच्यामागं उभा होता रोहिदास.

"अरे लोमटे! तू इथं कसा? ही आमची दिपाली. दुकानाचा मेसेज वाचला आणि हटूनच बसली, राव."

समाधाननं मान हलवली. तो पत्रा आणायला वळला, क्षणभरच.

दिपालीचा पत्रा वाकडा बसला होता. तिनं वेणीचा रबर काढला, खिट्टी ओढून त्यानं तशीच बांधून टाकली, आणि मोकळा झालेला डावा हात साच्याखाली घातला. उजवा दांड्यावर होताच.

"काय करायलीस गं!"

ती आरोळी रस्त्यापलीकडं गेली असेल. समाधाननं झेप घेऊन दांडा दोन्ही हातांनी वर धरला. पोरगी रडायला लागली. कुणाच्या तरी हातातला चहा सांडला.

"आरं, लेकराच्या अंगावर असं वरडत्यात व्हय?" शालनबाई उठल्या. "काय झालं काय येवढं?"

बोट गेलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. पण समोर तो रबर होता, आणि रोहिदास त्याच्याकडंच बघत होता.

"असंच केलतं मी," तो म्हणाला. "डाव्या बटणावर टेप लावलती. तुझ्या आधीच्या शिफ्टला. काढायची राहिली, रोहिदास."

रोहिदासनं पोरीला जवळ ओढलं. समाधान थोबाडीत बसायची वाट बघत राहिला. ती बसली असती तर बरं झालं असतं.

"दीड वर्षं," रोहिदास हळू बोलला, "बायको म्हणते, तुझं ध्यान नव्हतं. मलापण तेच वाटायचं. झोपेत हात पुढं जातो माझा, दोन्ही बटणं दाबून बघतो." मग त्यानं मान वर केली. "हे लिहून देशील?"

"कुणाला?"

"कंपनीला. त्या कागदावर माझी सही आहे ना? मला तो कागद बदलून पाहिजे."

समाधानला शेखर दिसला, नोकरी दिसली, मुलाची शाळा दिसली. "मला काढतील, रोहिदास."

"काढतील," रोहिदास म्हणाला. रागानं नाही. गाडीचा नंबर वाचावा तसं.

सायलीनं पोरांना चित्रांच्या खोलीत नेलं. जाताना चित्रकलेचा एक कागद आणि निळा स्केचपेन टेबलावर ठेवून गेली. समाधाननं पेन उचलला. त्यानं आपलं नाव लिहिलं आणि थांबला.

"त्या दिवशीची तारीख टाक," रोहिदास म्हणाला आणि पुढं काय लिहायचं ते सांगू लागला.