सामने होऊन जाऊ दे

ऐंशीच्या दशकात मी ब्रह्मपुरीजवळच्या एका शाळेत खेळ शिकवायची. आमच्या खो-खोच्या संघात नववीतली एक मुलगी होती. वडील राइस मिलमध्ये कामाला, आई दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत मजुरीला. पोरगी बोलायची कमी, पण पळायला लागली की कुणाच्या हाती लागत नसे.

तिचे हात-गुडघे कायम सोललेले असत. खेळताना लागतंच, असं मी धरून चालले. टिंक्चर मीच लावायची आणि बाकीच्या मुलींना ऐकवायची, "बघा हिच्याकडे. एवढं लागलं, पण तोंडातून हूं की चूं नाही." ती मान खाली घालायची. मला वाटायचं, लाजतेय.

सहामाही परीक्षेमुळे दोन आठवडे सराव बंद होता. ती परत आली, तर हातावर ताज्या जखमा. न खेळता या कुठून आल्या? प्रश्न मनात आला, आणि खरं सांगायचं तर उत्तरही आलं. पण जिल्ह्याचे सामने दहा दिवसांवर होते. तिच्याशिवाय संघात दम नव्हता. सामने होऊन जाऊ दे, मग विचारू, असं ठरवून मी टिंक्चरची बाटली उघडली.

चंद्रपूरला आम्ही दुसऱ्या आलो. परतताना एसटीत तिच्या शेजारी बसून मी हळूच विचारलं, "हे तूच करून घेतेस का गं?"

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "हो, बाई. मले वाटलं, तुमाले मालूम हाये."

"मला कसं माहीत असणार?"

"तुमीच तं औषध लावून राह्यल्या होत्या."

मला माहीत नव्हतं असं म्हणून मी त्या पोरीशी चक्क खोटं बोलले होते.

"घरी नोका सांगू, बाई."

"सांगावं लागेल. पण मी सोबत येईन. तुला कुणी रागावणार नाही, ते मी बघते."

घरी सांगितलं तेव्हा आई आधी रडली, मग तिला कुशीत घेऊन बसली. चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या एक डॉक्टरबाई न रागावता तिचं ऐकून घ्यायच्या. महिन्यातून एकदा आम्ही तिघी जायचो. ती असं का करायची, याचं कारण एकच असं नव्हतं. मनात दाटून आलं की कुणाला सांगावं, हेच तिला कळत नव्हतं. हळूहळू ती सांगायला लागली, जखमा कमी होत गेल्या. मधे दोनदा पुन्हा झालं, तेव्हा ती स्वतःच माझ्याकडे आली.

पुढे ती शिकली, नोकरीला लागली. एकदा बाजारात तिची आई भेटली. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्यामुळेच पोरगी सावरली, बाई."

मी नुसती हसले. मला आधीच कळलं होतं, हे त्या माउलीला मी अजून सांगितलेलं नाही.