शर्यतीआधीची हवा

मिरज रस्त्यावर हवा भरणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. रविवारी सकाळी मोटारींच्या शर्यतीआधी आम्ही आमच्या रोजच्या गाड्यांच्या पुढच्या चाकांतली हवा त्याच्याकडून थोडी उतरवून घेतो. त्यामुळे शर्यत सुटताना चाकांना रस्त्यावर पकड मिळते. मीटर लावूनही तो प्रत्येक टायर अंगठ्याने दाबून बघतोच. “लय कमी नगं,” थकल्या आवाजात म्हणतो, “जाताना भरून जावा.” मग शेवटची गाडी परतेपर्यंत स्टुलावर बसून राहतो.

परवा मी हरलो आणि वैतागून सरळ घरी निघालो. तर हा नळी घेऊन रस्त्यात आडवा.

“आवं, हरलासा म्हणून हवा न्हाई भरायची व्हय? उद्या लेकीला ह्याच गाडीतनं शाळंला सोडनार न्हवं?”

पुढच्या चाकांत हवा भरून, चारही टायर अंगठ्याने दाबून झाल्यावरच तो बाजूला झाला.