तांबूचा गोठा आणि कोंडाजीचा गॅस

कोंडाजीला गेणू नीट ओळखत होता असं म्हणायची सोय नाही. कान्हे गावात दोघांची घरं एकाच आळीत, मध्ये फक्त एक बांध आणि शेवग्याचं झाड. पण कोंडाजीचं आजोळ कुठलं, त्याला मूल नव्हतं याचं त्याला किती वाटायचं, लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये इतकी वर्षं काढून तो कधी मनातून रडला होता का, यातलं गेणूला काही ठाऊक नाही. विचारायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि गेणूचं तिथंच अडतं. गेणू म्हणजे हे लिहिणारा. या वयातही कागदावर स्वतःला ‘मी’ म्हणायचा त्याला संकोच वाटतो, म्हणून तो गेणूच राहू दे.

गेणू कामशेत स्टेशनात पार्सलचा कारकून होता. बायको बाळंतपणाला माहेरी गेली ती तिकडेच वारली, तेव्हापासून एकटा. सुट्टीच्या दिवशी तो कोंडाजीच्या ओट्यावर जाऊन बसायचा. कोंडाजी बोलत नसे, गेणू बोलत नसे. कोंडाजीची बायको कस्तुराबाई म्हणायची, “दोन रांजण शेजारी शेजारी ठेवल्यागत बसत्यात. त्यात पानी तरी असतं.”

शेडमध्ये कोंडाजी घण मारायचा. लोहारकामाचा मिस्त्री तापलेल्या लोखंडावर हातोडीची टिचकी मारून जागा दाखवणार आणि कोंडाजी नेमका तिथं घण घालणार, असं ते काम. मिस्त्री बदलले, साहेब बदलले, टिचकी तीच राहिली. खांदा धरायला लागला तेव्हा त्यानं नोकरी सोडली, आणि त्यानंतर एका दुपारी ओट्यावर त्यानं गेणूला एक गोष्ट सांगितली. दोघांच्या इतक्या वर्षांच्या सहवासातलं ते बहुधा सर्वांत लांब बोलणं.

“गेणू, आयुक्षभर दुसऱ्यानं दाखवलं तितं मारलं. आता एकदा तरी कुटं लावायचं त्ये माजं मी ठरवनार.”

गेणू “बरं” म्हणाला. त्याला वाटलं, माणूस रोपं लावायची म्हणतोय.

कोंडाजी गॅसनं लोखंड जोडायचं म्हणत होता. लोणावळ्यात एका पारशी सेठचं मोटारींचं गॅरेज होतं. शेडमधून सुटल्यावर गाडीला वेळ असला की कोंडाजी तिथल्या मिस्त्रीशेजारी उकिडवा बसून ते काम बघायचा, आणि पुढं पुढं मिस्त्री त्याच्या हातातही नळी द्यायला लागला. सेठनं गॅरेज मोडायला काढलं तेव्हा शेडमधून मिळालेला फंड घालून कोंडाजीनं तो सगळा संच उचलला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. मावळात तेव्हा लोखंड जोडायचं म्हणजे लोहाराच्या भट्टीत तापवून ठोकायचं, एवढंच लोकांना माहीत.

संच म्हणजे काय, तर एक पत्र्याचं पिंप, त्यात कार्बाइडचे खडे आणि पाणी एकत्र आलं की जळणारा गॅस तयार होणार. दुसरा गॅस मुंबईहून पोलादी नळकांड्यात भरून येणार. दोन्ही रबरी नळ्यांतून एका पितळी चोचीत आणायचे आणि पेटवायचे. हे नळकांडं रेल्वेनं कामशेतला आलं. पार्सलच्या खोलीत ते आलं तसा गेणू खुर्चीटेबल घेऊन फलाटावर बसायला गेला. स्टेशनमास्तरांनी विचारलं तेव्हा आत उकडतंय म्हणाला. बाहेर श्रावणाची झड लागली होती.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? घराला लागून गोठा होता आणि गोठ्यात तांबू नावाची गाय. कोंडाजीची नजर गोठ्यावर गेली आणि कस्तुराबाईची कोंडाजीवर. गाय तिच्या माहेरची. दोन दिवस चूल पेटली पण जेवायला कुणी हाक मारली नाही, असं कोंडाजीनं नंतर गेणूला सांगितलं. शेवटी तिनंच वाट काढली.

“घ्या गोठा. पन घराचं येक कौल जरी हाललं, तर त्याच दिवशी माजी तांबू आत आन् तुमचं नळकांडं भायेर. मग म्हनायचं न्हाई.”

कोंडाजी कबूल झाला. कौल कशाला हलतंय, असं त्याला वाटलं.

भादव्यात पाऊस विरळ झाला आणि कामाला सुरुवात झाली. तांबू बाहेर करंजाच्या झाडाखाली बांधली. कोंडाजीनं गव्हाण काढली, शेणामुतानं मऊ झालेली जमीन खणून टाकली आणि नदीवरून चपटे दगड आणून फरसबंदी केली. ठिणगीला पेटायला काही मिळता कामा नये, म्हणून वरचा पेंढा उतरवून नवी कौलं घातली. गॅस साचू नये म्हणून भिंतीला समोरासमोर दोन खिडक्या पाडल्या. भंगारातला बॉयलरचा जाड पत्रा दगडी पायांवर ठेवून टेबल केलं. आत चुना मारला. गेणू मदत करत होता, म्हणजे काय करत होता ते सांगण्यासारखं नाही. त्यानं ठोकलेली फळी एका बाजूला उतरती झाली. कोंडाजीनं तिच्याकडं बघितलं, तिच्यावर वाटोळं असं काही ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि ती तशीच राहू दिली. गेणूला आजवर मिळालेला तो सर्वांत मोठा मान आहे.

आळीतल्या बाया बघायला यायच्या. कस्तुराबाई त्यांना सांगायची, “गाईला झाड आन् नळकांड्याला म्हाल. म्होरल्या जल्मी नळकांडंच व्हावं मानसानं.”

एका बाबतीत मात्र कोंडाजी फार कडक होता. कार्बाइडला पाणी लागलं की त्यातून गॅस सुटतो, आणि मावळातली हवा म्हणजे अर्धं पाणीच. म्हणून कार्बाइडचा डबा घट्ट झाकण लावून आढ्याला टांगलेला. गोठ्यात पाण्याचा तांब्या आणायचा नाही, ओल्या पायांनी यायचं नाही. गेणूला घाम फार येतो, तर त्याला डब्याखालून उठवून दाराशी बसवायचा. पिंपात लागेल तेवढं पाणी तो स्वतः आणायचा, स्वतः ओतायचा आणि हात धोतराला पुसून कोरडे करून मगच डब्याकडं वळायचा. गेणूनं हे नियम इतक्या वेळा ऐकले की त्याला ते झोपेत म्हणता आले असते.

काम नवरात्रात पुरं झालं. उद्घाटनाला खंडेनवमीसारखा दुसरा दिवस कुठला? त्या दिवशी मावळात नांगर, विळे, कोयते, सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात आणि पूजा करतात. शेडमध्येही कोंडाजी दर साली आपल्या घणाची करायचा. त्या सकाळी त्यानं न्हाऊन कोरं धोतर नेसलं. नव्या टेबलावर चोच मांडली, निळा चष्मा मांडला, चिमटे मांडले, शेडमधून आणलेला जुना घणही मांडला. मग त्याला वाटलं, कार्बाइड टांगलेलं कसं ठेवायचं? सगळं काम त्याच्यावर चालणार. त्यानं डबा खाली घेतला. झाकलेल्या वस्तूला पूजा पोचत नाही, म्हणून झाकणही काढून ठेवलं.

पूजेला पाणी लागतंच. ते त्यानं स्वतःच्या हातानं तांब्यातून आणलं. ते पाणी त्याला पाणी वाटलंच नाही, ती पूजा होती.

गेणू शेजारी ताट धरून उभा. ताटात हळदकुंकू, झेंडू आणि कापूर पेटलेला. कोंडाजीनं झेंडूचं फूल तांब्यात बुडवलं आणि डोळे मिटून शिंपडलं. चोचीवर, चष्म्यावर, घणावर, आणि डब्यात. डब्याचा मान मोठा म्हणून दोनदा. आत काही तरी चुरचुरलं. लसणासारखा वास आला. गेणूला वाटलं, कस्तुरावहिनी चटणी करतायत, आणि आज जेवायला बोलावतील का असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात कोंडाजी म्हणाला, “ताट जरा म्होरं धर.”

गेणूनं धरलं.

आवाज तोफेसारखा झाला असं आळी अजून सांगते. तेवढा नव्हता. पण गेणूला पुढचं आठवतं ते ओढ्याच्या पलीकडचं. तो तिथं गुडघाभर चिखलात उभा होता आणि ताट हातात तसंच सरळ होतं, कुंकूसुद्धा सांडलं नव्हतं. इतक्या वेगानं इतक्या जपून आजवर कुणी पळालं नसेल.

लाज वाटून तो परत आला. गोठ्याच्या दारातून पांढरा धूर निघत होता. आत कोंडाजी उभा होता. भुवया गेलेल्या, मिशी एका बाजूची गेलेली. डब्याच्या तोंडाशी अजून जाळ होता आणि कोंडाजी कोरडी माती ओंजळीनं त्यावर टाकत होता. तेवढ्यात आग विझवायला म्हणून कस्तुराबाई पाण्यानं भरलेला हंडा उचलून धावत दारात आली आणि तिनं तो वर केला.

“पानी नगं,” कोंडाजी म्हणाला. ओरडला नाही. आवाजच उरला नसावा. “कस्तुरा, पानी नगं टाकू. माती दे.”

लग्नानंतर त्यानं तिला चारचौघांत नावानं हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिनं हंडा खाली ठेवला आणि पदरात माती भरून आणली. गेणूनंही ताटातलं हळदकुंकू टाकलं. त्याचा काही उपयोग झाला नाही, पण ताट एकदाचं रिकामं झालं.

जाळ विझल्यावर कस्तुराबाईनं वर बघितलं. गोठ्याची नवी कौलं आणि त्यांना लागून असलेली घराची दोन कौलं सरकून आढ्याशी आभाळ दिसत होतं. तिनं कोंडाजीच्या तोंडाकडं बघितलं, अर्ध्या मिशीकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग बाहेर गेली. तांबू दचकून साखळी तोडून पळाली होती. तिला दोरीनं ओढत आणून तिनं दगडी फरशीवर, चुन्याच्या भिंतींमध्ये, दोन खिडक्यांच्या वाऱ्यात नेऊन उभं केलं. ठरलं होतं ते ठरलं होतं. तो आणि गेणू पिंप, नळकांडं आणि टेबलाचा पत्रा बाहेर ओढून करंजाखाली घेऊन गेले. महिनाभर राबून जे उभं केलं होतं, ते गाईचं झालं. तशी फरशी आणि तसा उजेड असलेला गोठा तेव्हा पार इंदुरी गावापर्यंत कुणाकडं नसेल.

त्यानंतर कोंडाजी करंजाखाली नुसता बसून राहायचा. त्यानं बाकीची मिशी काढून टाकली होती, त्यामुळं तो ओळखूही येत नव्हता. खरी गोची पुढंच होती. काम द्यायला कोण येणार? आळीत पोरंसुद्धा त्या झाडाला वळसा घालून जायची. लोक म्हणायचे, नांगराचा फाळ मोडका बरा, घर शाबूत राहतं. गेणूच्या खोलीत एक तुटक्या कडीची बादली होती. ती घेऊन जावं असं त्याला रोज वाटायचं. रोज बांधापर्यंत जायचा, तिथून ओढ्याकडं वळायचा आणि पाणी भरून परत यायचा. भीती वाटत होती, दुसरं काय.

दिवाळीच्या आधी एक दिवस भर दुपारी कस्तुराबाई करंजाखाली आली. आळीतल्या दोघीतिघी आपापल्या दारात होत्या. तिनं तांबूची तुटलेली साखळी कोंडाजीच्या पुढ्यात टाकली.

“ही सांदा. दोरीनं तिची मान सोलपटली.”

“कुटं सांदू?” कोंडाजीनं विचारलं. साखळीची एक कडी उघडली होती आणि दुसरी झिजून धाग्याएवढी झाली होती.

“त्ये मला काय इचारता? तुमचं काम हाये.”

कोंडाजीनं साखळी हातात घेऊन बराच वेळ फिरवली. उघडलेली कडी तर त्यानं सांधलीच, पण झिजलेल्या कडीवरही धातू भरला. ते त्याचं त्यानं ठरवलं. कस्तुराबाई पदर तोंडावर धरून, पाठ फिरवून, पण तिथंच उभी राहिली. गेणू बांधाच्या अलीकडं शेवग्याच्या झाडाला धरून उभा होता. चोचीतून निळा जाळ निघाला, फुरफुरला, आणि बाकी काही झालं नाही. साखळी निवल्यावर तिनं दोन्ही हातांनी ओढून बघितली, पाय देऊन ओढून बघितली आणि गोठ्यात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी एक फाळ आला. मग शेजारच्या गावाहून बैलगाडीचा आस आला. मग लोक यायलाच लागले. करंजाखाली वारा मोकळा, डोक्यावर कौल नाही, म्हणजे या कामाला हवी तशीच जागा. ती आधीपासून तिथंच होती. कोंडाजी म्हणायचा, जागा गाईला अगुदर कळली. पावसाळ्यात संच ताडपत्रीखाली जायचा आणि कोंडाजी ओट्यावर, गेणूच्या शेजारी. खंडेनवमीला डबा मात्र घरात राहायचा, आणि शिंपडायला तो अक्षता घ्यायचा.

गेणूनं बादली नेली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. तांबूची नात तेव्हा गोठ्यात होती, साखळी तीच. चैत्रातली संध्याकाळ होती आणि राजमाचीच्या बाजूनं वळवाचं आभाळ भरून आलं होतं. कोंडाजी आता म्हातारा झाला होता, पण कडी चांगली बसली. त्या रात्री तो झोपेतच वारला, हे गेणूला सकाळच्या गाडीला जाताना कळलं. आदल्या संध्याकाळी एवढंच बोलणं झालं होतं.

“गरम हाये. उद्या ने,” कोंडाजी म्हणाला.

“बरं.”

“आन् जाताजाता गाईला आत घाल. पाऊस येतोय.”

“घालतो,” गेणू म्हणाला.