न झिरपलेलं पान

सुरुवातीलाच सांगून टाकते — या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आले. पांढऱ्या साडीतली बाई, बंद खोलीतला खोकला वगैरे... मी बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स आहे. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. तरी लिहायला बसले, कारण जे झालं ते मी मोजूनच पाहिलंय.

अकोल्याच्या जुने शहर भागात माझं छोटं दुकान आहे. बंद पडलेले पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड यांतले फोटो आणि फाइली मी परत काढून देते. एकच गाळा — अर्ध्यात मी, अर्ध्यात मोबाईल दुरुस्त करणारे नईमभाई. घरी मी एकटीच असते.

माझी माय अमरावतीला अंबादेवीच्या रस्त्यावर फुलं विकायची. मागच्या वर्षी ती गेली. तिच्या सुईदोऱ्याच्या डबीत, बटणांच्या जुन्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड सापडलं. त्यात तिच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग होतं. जगात दुसरं कुठेच नाही. फोटो आहेत, आवाज नाही... आणि कार्ड मेलेलं.

रेकॉर्डिंग कसलं, तेही सांगते. शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या कार्यक्रमात पालकांचं मनोगत होतं. सणाचे दिवस, मायला फुलं सोडून येता येईना. म्हणून मी मोबाईलवर तिला बोलायला लावलं. ती म्हणाली, "माया पोरीचा मले लय गर्व हाय."

मी म्हटलं, "आई, मले नाही, मला. आणि गर्व नाही, अभिमान."

तोवर मी तिला आई म्हणायला लागले होते. कॉलेजात माय म्हणायची लाज वाटायची. नऊ वेळा बोलायला लावलं मी तिला. नऊही वेळा ती निमूटपणे, मी सांगितलं तसं बोलत गेली. नववं शुद्ध झालं, आधीची आठ मी खोडली. कार्यक्रमात टाळ्या पडल्या. घरी तिला ऐकवलं तर म्हणे, "कोन बाई बोलून रायली हे? मास्तरीण हाय काय?" मी हसले होते.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. फ्लॅश चिपच्या प्रत्येक कप्प्यात विजेचा कणभर साठा असतो. कार्ड वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो माठातल्या पाण्यासारखा झिरपतो. ठरलेल्या रेषेच्या वर साठा असला तर शून्य, खाली असला तर एक — चिप एवढंच बघते. पाणी उतरलं की वाचन चुकतं. थोड्या चुका सोबत लिहिलेल्या जादा बिट्सवरून दुरुस्त होतात. त्यालाच एरर करेक्शन म्हणतात. चुका फार झाल्या की संपलं. अशा वेळी ती रेषा जराजरा खाली सरकवत एकच पान, म्हणजे एकदम वाचले जाणारे हजारो कप्पे, पुन्हा पुन्हा वाचायचं. जो बिट दर वाचनाला पलटतो तो संशयित, दुरुस्तीला आधी त्याला हात घालायचा. पद्धत जगाला माहीत आहे. पण कुठल्या पानाला रेषा किती सरकवायची, हे ठरवणारा प्रोग्राम माझा स्वतःचा. तीन महिने लागले. दुसऱ्या कुणाच्या कार्डासाठी मी एवढं केलं नसतं.

मे महिन्यातली दुपार होती. कूलर नुसताच घरघरत होता. नईमभाईंनी भिंगाखाली केसाएवढ्या तारा चिपला जोडून दिल्या होत्या.

"म्याडम, मेलेल्या चिपले गुदगुल्या करून रायल्या तुमी."

"हसली तर चहा तुमच्याकडून."

"हसली तर मी दुकान सोडून पयतो!"

एकेक पान सुटत गेलं. शेवटी फाइल जुळली आणि मी ती चालवली.

आधी खरखर, मग माय — "माझ्या मुलीचा..." मग लांबून माझाच आवाज, "'मला' म्हण, आई." आणि त्यानंतर अगदी स्वच्छ, अगदी जवळून —

"नाही म्हनत मी 'मला'. मले जसं येते तसंच बोलीन. तुयासाठीच बोलून रायली ना? मंग?"

नईमभाईंचा हात थांबला. "अम्मी हाय काय तुमची?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"आत्ता बोलल्यासारखी वाटते हो..." ते हळूच म्हणाले. मग उठून चहा सांगायला गेले, आणि बराच वेळ परत आले नाहीत.

खोडलेल्या आठांपैकी एखादा तुकडा मध्ये आला असेल, हे मलाही लगेच सुचलं. खोडलेलं चिपवर राहतं, त्यावरच माझं पोट आहे. पण माय त्या दिवशी एकदाही 'नाही' म्हणाली नव्हती. किंवा म्हणाली असेल आणि मीच ते डोक्यातून खोडलं असेल... तेही मी मानते.

पण मग मी मोजमाप पाहिलं. त्या पाच-सहा सेकंदांचा आवाज एकाच पानावर होता. शेजारची पानं अर्धी झिरपलेली. ह्या पानाचे कप्पे मात्र काठोकाठ भरलेले. एकही बिट संशयित नाही, दुरुस्ती शून्य. त्याच सकाळी लिहिल्यासारखं पान! कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचं काम बघणारा भाग, जळलेला; आमच्या तारा थेट चिपला, त्याही फक्त वाचायला. त्यावर कुणाला काही लिहिणंच शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच पान परत वाचलं. ते शेजारच्यांपेक्षाही जास्त झिरपलेलं होतं. रेषा सरकवून सरकवून थकले, काहीच हाती आलं नाही. आता पहिल्या दिवशीची प्रत तेवढी माझ्याकडे आहे. ओळखीच्या एका इंजिनिअरला पाठवली. तो म्हणाला, मोजमापात चूक झाली असेल.

चूक माझी झाली असेल तर कुठे, हे मी अजून शोधते आहे. दुकान बंद करून घरी आले की जेवताना ते पाच-सहा सेकंद लावते. माझ्याशी 'तुया' म्हणून बोलणारं आता दुसरं कोणी नाही.

हे काय झालं, कसं झालं, मले अजून समजलेलं नाही.

संपादकांना एक विनंती. वरच्या ओळीतला 'मले' चुकून पडलेला नाही. तेवढा दुरुस्त करू नका.